त्यांच्या तोंडी उरलेला फिएस्टा

माझ्या नवऱ्याच्या तोंडात सध्या एकच शब्द आहे, आणि तो मराठी नाही. धड इंग्रजीही नाही. फिएस्टा. पाणी पाहिजे, फिएस्टा. पाठ दुखते, फिएस्टा. कूलरचं तोंड इकडे फिरव, तरी फिएस्टाच. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. हा एक शब्द कसा काय मागे राहिला, कोणास ठाऊक. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, नेमका कोणता शब्द राहील ते सांगता येत नाही. मला डॉक्टरांचा राग आला. हल्ली मला सगळ्यांचाच राग येतो.

हा शब्द आमच्या घरात आला कसा, ते सांगते. नागपूरच्या मनीषनगरात आमचं बिछायत केंद्र आहे. लग्न असो, वास्तू असो, मांडव, गाद्या, खुर्च्या, भांडी सगळं आमच्याकडून जातं. माझ्या माहेरी उमरेडला माग होते. सासरी आले तर इथेही कापडच, फक्त मांडवाचं. मी शाळेत इंग्रजी शिकवते. नवऱ्याचं इंग्रजीशी वाकडं नव्हतं, पण येणं-जाणंही नव्हतं. एकदा धरमपेठेतल्या कुठल्याशा हॉटेलबाहेर त्यांनी 'फूड फिएस्टा' असा बोर्ड वाचला आणि घरी येऊन पायातल्या चपला काढायच्या आत विचारलं, "फिएस्टा म्हणजे काय असते वं?"

"स्पॅनिश शब्द आहे. सण, उत्सव."

"मंग इंग्रजीत कायले घुसला? त्यायच्याजवळ पार्टी नाही का?"

प्रश्न बिनतोड होता. मला वर्गात एवढा चांगला प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. मी सांगायला बसले. स्पॅनिशमध्ये हा शब्द भरल्या घरातला आहे. संताचा दिवस म्हणजे फिएस्टा. त्यात प्रार्थना आली, मिरवणूक आली, सुट्टी आली आणि शेवटी जेवण, गाणं, नाच. इंग्रजीने काय केलं, देव तिथेच ठेवला आणि प्रसाद तेवढा उचलून आणला. इंग्रजी बोलणाऱ्याला पार्टी हा शब्द कोता वाटतो आणि फेस्टिव्हल जड वाटतो, तेव्हा तो फिएस्टा म्हणतो. मोकळी जागा, रंगीत पताका, खाणंपिणं, वाजंत्री, असलं काही असलं की फिएस्टा. दुःखाच्या ठिकाणी इंग्रजीत हा शब्द कोणी वापरत नाही. माझ्या वर्गातली मुलं नेहमी त्याची सिएस्टाशी गल्लत करतात. मी त्यांना सांगते, एक जेवायचा आणि दुसरा जेवल्यावर झोपायचा. हे ऐकून नवरा हसला. म्हणाला, "आपल्या नागपूरच्या उन्हात दोन्ही पायजेत."

पुढच्या हंगामात त्यांनी दुकानाच्या बोर्डावर फिएस्टा लिहून घेतलं. तेवढ्यावर थांबले असते तर तो माणूस कसला! मांडवाच्या दारावर लावायच्या झालरीवरही जरीने शिवून घेतलं. फोन उचलला की नमस्काराच्या आधी "बोला, फिएस्टा." आणि मग एकदा खापा गावात तेरवीचं, तेराव्या दिवसाच्या जेवणाचं, काम आलं. आमच्या कामगारांनी सवयीने दारावर तीच झालर चढवली. गेलेल्या माणसाचा मोठा भाऊ शिकलेला होता. तो लालबुंद होऊन आला.

"आमचा माणूस गेला गा, अन् तुम्ही फिएस्टा लावून राहिले?"

"भाऊ, पंगत तं बसूनच राहिली ना," असं हे म्हणाले. खरंच म्हणाले. मग झालर उलटी करून लावावी लागली आणि हात जोडावे लागले ते वेगळेच. घरी आल्यावर मला म्हणाले, "तू सांगितलं होतं, जेवण असलं का फिएस्टा." मी हसून हसून बेजार झाले होते.

आता ते हसणंही गेलं. शाळेतून आले की मी त्यांच्याजवळ बसते आणि कान लावते. शब्द एक असला तरी चाली निराळ्या आहेत, असं मीच ठरवलंय. तोडून म्हटला तर पाणी. लांबवला तर पाठ. शेवट वर गेला तर कोणीतरी आलंय, दार उघड. यातलं किती खरं आणि किती माझ्या मनाचे खेळ, देव जाणे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझ्या हातात ही काडी होती.

वाचा-उपचाराच्या एक तरुण मॅडम घरी येतात. गोड मुलगी आहे, चित्रं घेऊन येते. पेला, केळं, पंखा. तिने एकदा मोबाइलवर माझा फोटो काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "या कोण आहेत, काका? यांचं नाव सांगा."

त्यांनी फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, नजर छताला लावली. "फिएस्टा."

मॅडम बाहेर आल्यावर हळूच म्हणाल्या, "काकू, वाईट नका वाटून घेऊ. ओळख थोडी कमी झालेली दिसते."

"अवं बाई, त्यायनं जन्मात माझं नाव घेतलं नाही," मी म्हणाले. "लग्नात बायांनी उखाण्यासाठी अडवलं, तर मागच्या दारानं पळाले होते." ते मला फक्त वं म्हणत. ऐकतं का वं, चाय ठेव वं. वं ला काही अर्थ नसतो. आपली बाई समोर आहे, एवढंच त्यात असतं.

मॅडम हसल्या, पण माझ्या मनात किडा पडला तो पडलाच. खरंच ओळखत नसतील तर? पाणी देणारी, कूस बदलणारी, अंग पुसणारी कोणी एक बाई, एवढीच मी उरले असेन तर? त्यांचा हात नाही चालला तरी चालेल, धंदा बुडाला तरी चालेल. मी कोण हे तेवढं त्यांना माहीत असू दे. नवस बोलून झाले. अंगारे लावून झाले. मी विचारायची, "मले ओळखता ना?" उत्तर ठरलेलं.

एका दुपारी जेवण झाल्यावर ते एकदम सुरू झाले. फिएस्टा. मी पाणी धरलं, त्यांनी डाव्या हाताने पेला उडवला. चादर काढली, नाही. खिडकी उघडली, झळ आत आली, नाही. कूलर बंद केला, चालू केला. मोबाइल दिला. गोदामाची किल्ली दाखवली. डोक्याला तेल लावू का, कोणाले बोलावू का, पाय चेपू का. प्रत्येक वेळी मान नाही, नाही, आणि फिएस्टा, फिएस्टा. माझ्या सगळ्या चाली खोट्या ठरल्या. त्यांचा घसा बसला, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पलंगावर मूठ आपटणं थांबेना. घरात जणू सणाची आरोळी चालली होती आणि दोन माणसं त्यात मरत होती.

मी खाली फरशीवर बसले आणि ओरडले, "मले नाही समजत! तुम्हाले काय पायजे ते मले नाही समजत! मी कोण आहो, हे तरी माहीत आहे का तुम्हाले?"

ते थांबले. मान माझ्याकडे वळवली. मग ओठ हलायला लागले. नेहमीचा शब्द सपाट्याने येतो. या वेळी तो आला आणि मागे आणखी काहीतरी अडकलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"फिएस्टा," ते म्हणाले. आणि मग, "वं."

मी गुडघ्यांवरच पलंगापाशी गेले. "काय म्हणलं? पुन्हा म्हणा."

"फिएस्टा वं."

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काकू, नुसता आवाजही असू शकतो. फार आशा नका धरू." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. इकडे ते पुन्हा सुरू झाले होते, मूठ पुन्हा आपटत होती, आणि त्यांना काय पाहिजे ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळलेलं नाही. पण जे काही होतं, ते माझ्याजवळच मागून राहिले होते.