उजव्या हातातली धून

जर्मनीत आखनला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी मळके कपडे घेऊन इमारतीच्या तळघरात उतरलो, तर वॉशिंग मशीनशेजारी स्टुलावर बसून एक बाई व्हायोलिन वाजवत होत्या. त्या मराठी आहेत हे वाजवताना चुकल्यावर "अगं बाई" म्हणाल्या त्यावरून कळलं. मी मराठीत बोललो, तेव्हा त्या जराही दचकल्या नाहीत. "आल्झो, चल, लाव तुझं मशीन. वर वाजवलं की शेजारी तक्रार करतात," म्हणाल्या. सुलभाताईंची माझी ओळख ही अशी.

ताईंना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त सत्कार होणार आहे आणि हा गौरवग्रंथ निघतो आहे. संपादकांनी "आनंदाने लिहा" असं कळवलं आहे. ते जमणार नाही. मी त्यांचा हरलेला शिष्य आहे आणि तसंच लिहिणार आहे.

ताई पुण्यात रागदारी शिकल्या आणि लग्नानंतर इथे आल्या. खालच्या मजल्यावरच्या एका आयरिश गृहस्थांनी त्यांना आपल्या आत्याकडून आलेली नाचाची एक धून शिकवली. तिला नाव नाही. ते गृहस्थ गेले. त्यांच्या घरात वाजवणारं दुसरं कोणी नव्हतं. ताईंनी ती तीस वर्षं सांभाळली आणि मग माझ्या हवाली करायचं ठरवलं. माणसं ओळखण्यात त्यांची झालेली ही एकच चूक मला माहीत आहे.

धून सहा मात्रांची, म्हणून मी लगेच दादरा धरला. "दादरा नको रे! दादऱ्यात माणूस मान डोलावतो. इथे पाय उचलले पाहिजेत." पुढे त्यांनी मला आयरिश मंडळींच्या बैठकीला नेलं. तिथे सगळ्यांना येणारी दुसरीच एक धून चालली होती. तिच्या दुसऱ्या फेरीला कोणीतरी खुशीत ओरडलं. आपल्याकडची सवय, दाद मिळाली म्हणून मी तीच ओळ पुन्हा घेतली. बाकीचे सगळे पुढे निघून गेले होते. परतताना बसमध्ये ताईंच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. शिकवणं मात्र त्यांनी सोडलं नाही.

माझे वडील गेले तेव्हा माझं राहण्याच्या परवान्याचं कार्ड आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, अडकलं होतं. सांगलीला जाता आलं नाही. ताई पिठलं-भात घेऊन आल्या, मला जेवायला बसवलं, मग तळघरात नेऊन संध्याकाळपर्यंत नुसत्या मोकळ्या तारांवर गज ओढायला लावला. सांत्वनाचा एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी मी त्यांच्यामुळे तगलो.

दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला आणि डावा हात गेला. त्यांचं वादन माझ्या मोबाइलवर आहे. त्यातून सूर मिळतात, उचल मिळत नाही. मी वाजवतो, ताई ऐकतात. "मेलेली आहे," म्हणतात. एकदा मी चिडून म्हणालो, "ताई, एकदा तरी बरी म्हणा."

"खोटं बोलले तर तू तीच वाजवत राहशील. आणि माझ्यामागे तीच खरी ठरेल."

गेल्या महिन्यात त्या म्हणाल्या, "बोटं तू ठेव. गज माझ्याकडे दे." व्हायोलिन माझ्या खांद्यावर, बोटं माझी, गज त्यांच्या उजव्या हातात. आम्ही एकमेकांना खेटून बसलो, आणि धून आली. अख्खी आली. कपडे काढायला आलेली एक शेजारीण पायाने ठेका धरून उभी राहिली. "गेनाऊ! अगदी अश्शी!" ताई म्हणाल्या आणि गज माझ्या हातात दिला. मी एकट्याने वाजवली. शेजारीण वळून कपडे बादलीत भरायला लागली.

सत्काराच्या पत्रिकेत माझं वादन छापलं आहे. मी वाजवीन, आणि ते कसं होईल हे आम्हा दोघांना ठाऊक आहे.

ताईंनी शंभरी पाहावी, प्रकृती ठणठणीत राहावी, असं या ग्रंथात सगळेच लिहितील. माझं मागणं स्वार्थाचं आहे. ताई, तुम्ही राहा. तो उजवा हात जपा. धून अजून तिथेच आहे. माझ्याकडे ती आलेली नाही, आणि येईल असं मला आता वाटत नाही.