डाव्या अंगठ्याची नोकरी

जपानमधल्या साकाई शहरात सायकलच्या गिअरच्या एका कारखान्यात तामोत्सु त्सुजिनो डाव्या अंगठ्याच्या जिवावर पोट भरत होता. डोंगरी सायकलच्या हँडलला डावीकडे जो खटका असतो, तो दाबला की पुढची चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर चढते. हा खटका अडतो का, बोटाला टोचतो का, हे दिवसभर दाबून बघणं त्याचं काम. लग्न ठरताना फुमिएच्या आईने विचारलं होतं, "मुलगा करतो काय?" मध्यस्थ म्हणाला, "अंगठा दाबतो." तरीही त्यांनी मुलगी दिली. यावरून त्या घरची परिस्थिती ओळखावी.

उजवा खटका, म्हणजे मागचे गिअर, सावाईकडे. दोघांची टेबलं समोरासमोर आणि तोंडं सतत चालू. आधी त्सुजिनोची चलती होती, पुढे पेडलपाशी तीन दातेरी चाकं असायची. पण सावाईची मागची चाकं मॉडेलागणिक वाढत गेली आणि पुढच्या तिनाची दोन झाली.

"ही मागची चकती आहे की ओकोनोमियाकीचा तवा?" त्सुजिनो चिडवायचा.

"तव्यावर निदान काही शिजतं. तुझी चेन नुसती पडते."

मग एके सकाळी साहेबांनी सगळ्यांना बोलावून जाहीर केलं, नव्या मॉडेलला पुढे एकच चाक. डावा खटका बंद.

त्सुजिनोने हात वर केला. "साहेब, मग लोकांनी डाव्या अंगठ्याचं करायचं काय?"

"नाकात घालतील," सावाई पुटपुटला. ते साहेबांसकट सगळ्यांना ऐकू गेलं.

त्सुजिनोचं डोकं फिरलं. रविवारी कोंगो डोंगराच्या चढावर शर्यत लावायचं ठरलं. सावाईने नवी सायकल घ्यायची, त्सुजिनोने तीच, पण पुढे तीन चाकं बसवून. नव्या सांगाड्याला पुढचा गिअर अडकवायला जागाच नव्हती. शेजारच्या सुऱ्या घडवणाऱ्या लोहाराकडून त्याने त्यासाठी एक कडं ठोकून आणलं.

फुमिएचं ओकोनोमियाकीचं, म्हणजे कोबीच्या जाड धिरड्यांचं, दुकान होतं. डबा हातात देत ती म्हणाली, "हरलात तर मागच्या गल्लीने या. मला इथे धंदा करायचाय."

निम्म्या चढापर्यंत त्सुजिनो पुढे होता. वळणावर चढ उभा झाला, त्याने तोऱ्यात खटका दाबला, कडं सरकलं आणि चेन चाक नि सांगाड्याच्या बेचक्यात जाऊन रुतली. त्सुजिनो सायकलसकट चिखलात आडवा. सावाई मागून आला आणि हसता हसता स्वतःच घसरून त्याच्या शेजारी पडला. दोघांनी मिळून ओढली तरी चेन निघेना.

"एक सांगू?" हात पुसत सावाई म्हणाला. "मलाही हल्ली झोप लागत नाही. वरचे लोक म्हणतात, गिअर ओढायला वायरच नको, बटण दाबलं की मागचा गिअर विजेवर सरकेल. माझा खटका तरी किती दिवस टिकणार?"

त्या दिवशी पहिल्यांदाच त्सुजिनोला बरं वाटलं. त्याने डबा उघडून भाताचा मोठा गोळा सावाईला दिला.

महिनाभराने साहेबांनी त्याला नवं काम दिलं. घरी येऊन तो म्हणाला, "मला बढती मिळाली."

"कशात?"

"बुडात."

आता डावीकडे नवा खटका येणार होता. उतारावर तोल राहावा म्हणून तो दाबला की सीट खाली जाणार, पुन्हा दाबला की वर येणार. फुमिएच्या हातातलं उलथणं गळून पडलं. "इतकी वर्षं चेन चढवलीत, आता लोकांची बुडं उतरवा!"

पाहुण्यांसमोर तो 'उतार-सुरक्षा विभाग' असं सांगायचा. लाजच वाटायची. पण पहिला नमुना घेऊन तो डोंगरावर गेला, उताराच्या तोंडाशी त्याने अंगठा दाबला आणि सीट सुळकन खाली गेली. ज्या दगडी वळणावर तो दरवेळी सायकल हातात धरून उतरायचा, तिथून तो सरळ खाली आला, वाटेत ओरडत. सायकल ढकलत परत वर गेला, पुन्हा आला.

तिसऱ्या खेपेला खाली उभा असलेला सावाई म्हणाला, "अरे, मला एकदा बसू दे की."

"रांगेत थांब," म्हणत त्सुजिनो पुन्हा चढाला लागला.