रिठ्यानं धुतलेला क्लच

आश्विन शुद्ध नवमी. त्या वर्षी दसराही त्याच दिवशी आला होता. खर्च, दीड आण्याचं गोडेतेल. हजर, मी आणि माझी बायको.

तेव्हा मी पालमच्या शाळेत हिशेब शिकवत होतो. बदली होऊन गेलेल्या एका ओव्हरसियरची जुनी फटफटी मी घेतली होती. सासूबाई बारा कोसांवरच्या खेड्यात राहायच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवसाउजेडी त्यांना समोरचा चेहरा दिसायचा, दिवे लागले की काहीच नाही. दिवाळीपर्यंत तेवढंही राहणार नाही, असं वैद्यांनी सांगितलं होतं. मला सुटी एका दिवसाची. दुसऱ्या दिवशी पहाटेच परत निघायचं होतं. बैलगाडी अंधार पडल्यावर पोचली असती, म्हणून सगळी भिस्त फटफटीवर.

पण चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि चाकाला जोर मिळायचा नाही. सकाळी क्लच उघडला. पाची चकत्या जुन्या धोतरावर ओळीनं मांडून अस्तराची जाडी बघितली. अजून वर्षभर चाललं असतं. स्प्रिंगांचे नट सैल झाले होते, एवढंच. मग पेट्रोल आणायला गेलो.

परत येऊन बघतो तर पाटावर विळी, अडकित्ता, कुऱ्हाड आणि शेजारी पाची चकत्या, तेलानं चकाकणाऱ्या, प्रत्येकीवर कुंकवाचं बोट. खंडेनवमीला घरातलं लोखंड धुऊन, तेल लावून पुजतात. तिनं कसर ठेवली नव्हती.

"अगं, ह्यांना तेल कशाला लावलंस?"

"मग? गाडीच्या आसाला वंगण घालीत न्हाईत का? गुळगुळीत फिरावं म्हणून लय चोळलं."

"गुळगुळीत फिरल्या तर गाडी जागची हलणार नाही. ह्यांनी एकमेकींना घट्ट धरायला पाहिजे. कोरड्याच पाहिजेत."

तिचा चेहरा उतरला. "म्हंजी आता जाणं न्हाई?"

पेट्रोलनं धुता आलं असतं, पण जाण्यायेण्यापुरतंच मिळालं होतं. मी तसं सांगितलं. तिनं आत जाऊन चुलीवर पाणी ठेवलं.

"रिठ्यानं डोक्यातलं तेल निघतंय, ह्याचं का न्हाई निघणार? तुमी निस्ते बघत बसा."

तीन पाण्यांनी धुऊन, लेकीचं डोकं पुसावं तशा तिनं चकत्या पुसल्या आणि उन्हात ठेवल्या. मी बोटानं तपासून दोनदा परत पाठवल्या.

"मास्तर, आता तरी पास करा."

दुपारी दोनला बसवल्या. प्रत्येक नट मोजून अडीच वळसे आवळला.

शेवटच्या चढावर क्लच जरा घसरला. मी काही म्हणायच्या आत ती उतरली. "तुमी व्हा म्होरं," म्हणाली आणि चढ पायी चढून आली.

पोचलो तेव्हा भिंतीवर ऊन होतं. सासूबाईंनी तिला अंगणात मावळतीकडे तोंड करून उभं केलं, हनुवटी धरली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"वाळलीस गं," म्हणाल्या. मग तिचा हात नाकाशी नेला. "रिठ्याचा वास यायलाय. आत्ताच न्हालीस का?"

आम्हा दोघांनाही हसू आवरेना.

संध्याकाळी बायकोनं ओवाळलं. मी ताटात रुपया टाकला.

"दरसाल चार आणे असत्यात की."

"चार आणे ओवाळणीचे. बारा आणे क्लचच्या धुलाईचे."

एकूण एक रुपया, निजामी हाली शिक्क्याचा. बायकोला पोचला.