वहिनींची सवत

आमच्या गावाबाहेर एक गोल टेकाड आहे. माणसाला लोखंड ठाऊक नव्हतं, त्या काळातल्या कुणाची तरी ती कबर. सरकारने कुंपण घातलं, पाटी ठोकली आणि राखणीला नेमला माझा शाळासोबती. कुंपण मागून इतकं फाटलेलं, की शेळ्या खुशाल आत-बाहेर करायच्या. पण हा पठ्ठ्या संध्याकाळी पुढच्या फाटकाला कुलूप लावून ते पुन्हा पुन्हा ओढून बघायचा. गावाने नावच पाडलं, कुलूपदादा!

त्याला घरी परतायला उशीर झाला की त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणायच्या, "आलात? आज सोडलं वाटतं माझ्या सवतीने!"

"अगं, आत सरदार असेल एखादा. मिशीवाला."

"मग त्याच्या पायाशी इतका वेळ काय करता? मिशा विंचरता?"

आमची हसून हसून पुरेवाट.

पुढे टेकाडाची एक बाजू ढासळू लागली, म्हणून जाणकार मंडळी खोदायला आली. आत खरंच बाई निघाली! कुशीत तान्हं मूल. दादा मला सांगायला धावत आला, हसला आणि मधेच तोंड फिरवून टेकाडाकडे बघू लागला. दादा-वहिनींचंही एकुलतं लेकरू तान्हेपणीच गेलेलं. नंतर पाळणा हलला नाही.

वहिनींनी सवत हा शब्द टाकला तो टाकलाच. दुपारी काम आटोपून खड्ड्याच्या काठाशी येऊन बसायच्या. हाडं शहरातल्या संग्रहालयात न्यायचं ठरलं, तेव्हा साहेबांना म्हणाल्या, "न्या बापडे. पण लेकराला तिच्यापासून तोडू नका."

"नाही तोडणार, काकू."

माणूस सज्जन होता. पेट्या मात्र दोन भरल्या.

वर्षाने वहिनींनी अंथरूण धरलं. एकच धोसरा, "एकदा बघून या हो." मी आणि दादा बसने गेलो. काचेमागे ती होती, एक हात वाकवून. हाताच्या आत काहीच नव्हतं.

"लहान हाडं नाजूक," तिथला शिपाई म्हणाला, "ती कोठारात असतात."

शेवटच्या बसने परतलो.

दारातून आत शिरतोय तोच वहिनींनी विचारलं, "कुशीतच आहे ना?"

"हो गं," दादा म्हणाला. "गाढ झोपलंय."

वहिनी हसल्या आणि कूस बदलून निजल्या. थोड्याच दिवसांत गेल्या, पण निवांत गेल्या.

दादा अजून संध्याकाळी फाटकाला कुलूप लावतो. ओढून मात्र बघत नाही.