अजमतबीसाठी फळ्या

रहमतुल्ला मिस्त्रीवर मला आजबी राग हाय. लई राग हाय. तलवाड्यात आमची दोघांची मिळून एकच सुतारकामाची शेड, जवानीपासून. मी त्रिंबक, दारं-खिडक्या जुळवणार, कटाई त्याची. जुन्या मशीननं त्याची करंगळी नेली, तवापासून त्याची बायको अजमतबी रोज संध्याकाळी त्याला दारातच अडवायची. "हातां दिखाव पयले." दोन्ही पंजे उलटेपालटे करून बघायची, मगच पाणी द्यायची. आमी लई हसायचो तिला.

ब्रेकवाली मशीन घ्यायचा हट्टबी तिचाच. बोट लागलं की करवत जागच्या जागी थांबते. पण एक भानगड हाय. ओलं लाकूड लागलं तरी मशीनला ते बोटच वाटतं. ब्रेक पडतो, पातं बाद. त्यासाठी बाजूला एक चावी असते, ती फिरवली की ब्रेक बंद. रहमतनं ती चावी अजमतबीच्या जुडग्यात अडकवून टाकली. ओला माल आला की फळ्यांमधी पट्ट्या ठेवून थप्पी लावायची, ऊन-वारा लागू द्यायचा. गिऱ्हाईक बोंबललं तर बोंबलू दे.

मयतीच्या फळ्या तेवढ्या वाळवून तयार ठेवायचा. त्यांच्यात कबरीत मयताच्या वर फळ्या बसवत्यात, मग माती लोटत्यात. कोणाच्याबी घरची मयत असो, फळ्या रहमतकडून, फुकट. या पावसाळ्यात होत्या तेवढ्या गेल्या, आन् नवं लिंबाचं लाकूड अजून ओलंच असताना अजमतबी गेली. सकाळी चहा ठेवला, छातीला हात लावून खाली बसली, ती उठलीच न्हाई.

तिकडं कबर खोदून झाली. रहमत शेडमधी आला तर हातात चावी.

"ती ठेव गपगुमान," मी म्हणलं. "हातकरवतीनं कापू. मी हाय ना!"

"हातानं कड सरळ येत न्हाई, त्रिंबक. फट राहिली तर माती गळंल तिच्या तोंडावर."

"मग जरा थांब. आज तुझं ध्यान ठिकाणावर न्हाई बे!"

"तिकडं ती थांबलीय," म्हणला, आन् चावी फिरवली.

मी शिव्या घातल्या, दंड धरला. त्यानं झटकला. बाकीच्या फळ्या निघाल्या सरळ. शेवटच्या फळीला ओल्या लिंबानं पातं आवळलं, फळी उसळली आन् हात आत ओढला गेला. ब्रेक चालू असता तर नुसतं खरचटलं असतं रे! उजव्या हाताची बोटं गेली त्याची.

मी त्याला गाडीत घालून बीडला दवाखान्यात नेलं. मयत थांबवत न्हाईत. त्याच्या पोरानं, मतीननं, रडत रडत ती फळी धुतली आन् आईवर बसवली. फट कुठंच न्हवती म्हणे.

दवाखान्यातून सुटला तो घरी न्हाई गेला, थेट कबरस्तानात. पट्टीचा हात छातीशी धरून गुडघ्यावर बसला. डाव्या हातात माती घेतली आन् तसाच थांबला.

"त्रिंबक, या डाव्या हातानं दिलेली पोचंल का रे तिला?"

"पोचंल बे." मला काय ठाव त्यांच्यातलं? पण पोचंल म्हणलं.

त्यानं माती टाकली. मग दोन्ही हात कबरीपुढं केले, रोज दारात करायचा तसे.

"गुस्सा नक्को करू," म्हणला.