दादाचं ‘तर’

माझा मोठा भाऊ घराबाहेर पडताना कुलूप लावतो, फाटकापर्यंत जातो, थांबतो आणि म्हणतो, “गॅस चालू राहिला असंल तर?” मग आम्ही सगळे परत. आजवर तो एकदाही चालू सापडलेला नाही. या ‘तर’पायी वारासिवनीच्या एका लग्नाला आम्ही पोहोचलो तेव्हा नवरानवरी जेवून उठली होती. स्वयंपाकघरात शिरला की दादा आधी वाकून फरशीजवळ हुंगतो, कारण सिलिंडरचा गॅस जड, खाली साचतो. नव्या पाहुण्यांना वाटतं, भाविक माणूस आहे.

अशा माणसाची मुलगी जहाजावर इंजिनिअर झाली. बालाघाटात समुद्राशी नातं सांगणारं काही असेल तर ते मीठ. तरी दादानं तेवढं सोसलं. यंदा मात्र तिला जे जहाज मिळत होतं, ते गॅसवर चालणारं. त्याचं वेगळं प्रशिक्षणही ती घेऊन आली होती. कंपनीला होकार कळवायचा होता आणि ती घरी येऊन बसली होती. “बाबा हौ म्हणल्याशिवाय मी जात नाही.”

“सिलिंडर घेऊन समुद्रात जाशीन?” दादा म्हणाला.

“सिलिंडर नाही बाबा, टाकी. गॅस लय थंड करून पातळ केलेला राहते.”

“गळला तर मले इथं वास येते. तुले तिथं येईन?”

पोरगी खोटं बोलत नाही, हा तिचा एकच दुर्गुण. “त्या गॅसले वासच नसते.”

वहिनीनं कपाळाला हात लावला. “झालं. आता हे बिनवासाचंही हुंगतीन.”

गणपतीच्या नाटकांत मी राण्या केल्या आहेत, त्यामुळे रिकामी रंगभूमी मला बघवत नाही. अंगणातून बागेची नळी आणली, गच्चीवरचा जाड पाइप आणला, नळी पाइपात सारली आणि दोन्ही जेवणाच्या टेबलावर ठेवून जाहीर केलं, “ही इंजिनरूम.”

“आत्या, त्याले गोगलगाय चिकटली आहे.”

“तो खलाशी आहे. तू सांग.”

ती सांगू लागली. “आतल्या नळीत गॅस. ती फुटली तरी गॅस बाहेरच्या पाइपातच अडकते.”

“आन् तिथं साचला तर?” दादा.

“दोन्हीच्या मधातली हवा पंखा ओढत राहते.”

“पंखा बंद पडला तर?”

“गॅस आपोआप बंद होते.”

“मंग जहाज भर समुद्रात थांबलं तर?”

“इंजिन डिझेलवर जाते. थांबत नाही.”

“पण वास नाही. गळला हे समजलंच नाही तर?”

“हुंगणारी यंत्रं राहतात. हा गॅस हलका, वर चढते, म्हणून वरतीही लावायचा नियम आहे.”

दादानं आयुष्यात प्रथमच स्वयंपाकघराचं छत पाहिलं. वहिनी म्हणाली, “जाळे दिसले असतीन तर काढून घ्या.”

तो हसला नाही. “हे नियम करते कोन?”

“देशोदेशीचे लोक, एकत्र बसून.”

“तुझेच भाऊबंद, दादा,” मी म्हटलं. “जगातले सारे ‘तर’वाले एका खोलीत बसवले आन् त्यांचे ‘तर’ लिहून घेतले.”

हे त्याला आवडलेलं दिसलं. खुर्ची ओढून तो त्या पाइपात डोकावला. जन्मभर घरच्यांची थट्टा सोसली, आणि इथं त्याच स्वभावावर जहाजं चालत होती. तरी शेवटचा प्रश्न त्यानं राखून ठेवला होता, आणि तो विचारताना आवाज खाली गेला.

“नियम लिहिले, आन् कोनी पाळलेच नाही तर?”

पोरीनं नळी पाइपातून ओढून बाजूला ठेवली.

“म्हणून तर मले जायचं आहे, बाबा. तुमच्यावर गेलेलं कोनी तरी तिथं पाहिजे ना.”

दादानं गोगलगाय अलगद उचलली, खिडकीबाहेर कुंडीत ठेवली आणि तिकडेच तोंड ठेवून म्हणाला, “हौ.”

तिला गोंदियाला गाडीवर सोडायला निघालो. कार मी चालवत होते. गावाबाहेरचा पूल आला. दादा पोरीची बॅग मांडीवर धरून बसला होता. शेवटी तीच म्हणाली, “बाबा, गॅस बंद केलता?”

“केलता.”

“नसंल केला तर?”

मी कार वळवली. वेळ हाताशी होता. दादा असताना आम्ही नेहमीच लवकर निघतो. गॅस बंदच होता. दादानं बटण चाचपलं, मग पोरीनं चाचपलं, वहिनीनं दोघांना बाहेर हाकललं. मी मागे रेंगाळले आणि कोणी पाहत नाही असं पाहून एकदा चाचपून घेतलं.