कांगारूच्या खुर्चीत कोण बसलं होतं?

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी रोज वाचतो, आणि खाली "झोप कमी झालीय, डॉक्टरला दाखवा" असल्या कॉमेंट्सही मीच टाकतो. त्यामुळे माझं वाचून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. भूतबीत मी आजही मानत नाही... पण हे माझ्याच बाबतीत घडलंय.

आमची मुलगी सोलापुरात, एका खासगी हॉस्पिटलमध्ये, दिवस भरायच्या आधीच झाली. वजन दीड किलोसुद्धा नाही. लगेच एनआयसीयूत, काचेच्या पेटीत ठेवली. मधूनच ती श्वास घ्यायचीच थांबायची. मशीन ओरडायचं, सिस्टर तळपायाला टिचकी मारायच्या, मग श्वास परत सुरू. बायको सिझरनंतर तापाने फणफणलेली, खालच्या वॉर्डात. डॉक्टर मॅडम मला म्हणाल्या, "आता तुम्हीच बसा कांगारूच्या खुर्चीत. शर्ट काढायचा आणि कांगारूसारखं बाळाला उघड्या छातीवर घ्यायचं. त्या उबेनं श्वासाला मदत होते."

शर्ट काढायचा! माझ्या छातीवर कोड आहे. डाव्या खांद्यापासून बरगडीपर्यंत पांढराफटक पट्टा. शाळेत पोरं माझ्या पेल्याने पाणी प्यायची नाहीत. तेव्हापासून बायको सोडली तर कुणासमोर मी उघडा झालेलो नाही. कोड स्पर्शाने पसरत नाही हे मला चांगलं माहितीय. तरी मी मॅडमना खोटंच सांगितलं, "मलाही कणकण वाटतेय, बाळाला बाधायला नको." आणि बाइक काढून सरळ तासाभरावरचं मोडनिंब गाठलं. मी बियाण्यांच्या कंपनीत सेल्सला आहे, तिथल्या दुकानात काम होतं... काम कसलं, दुपारभर चहा पीत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एनआयसीयूच्या दारातच शिवगंगा सिस्टर हसत पुढे आल्या.

"काय ओ पप्पा, काल दुपारी लई भारी बसलात की! पोरीचा श्वास एकदा बी थांबला न्हाय बगा."

"काल दुपारी?"

"व्हय की. पडदा लावू का म्हणलं तर नगं म्हणालात. बरं केलात. डाग हाईत म्हणून काय लाजायचं? आमच्या भावाला बी हाय." असं म्हणत त्यांनी स्वतःच्या डाव्या खांद्यापासून खाली हात फिरवून दाखवला.

कुणीतरी माझ्या मुलीला छातीशी घेऊन बसलं होतं! मी आरडाओरडा करायला हवा होता. बाहेर कॅमेरा होता, त्याचं रेकॉर्डिंग दाखवा म्हणायला हवं होतं. पण मग मी कुठे होतो, तेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "हो... बसलो खरा."

"मग चला, काढा शर्ट."

काढला. सिस्टरने तिला माझ्या छातीवर ठेवलं आणि ती रडायला लागली. बारीक, चिरक्या आवाजात, बराच वेळ. सिस्टर म्हणाल्या, "काल तर लगीच झोपली की ओ. आज काय झालं हिला?" मला मान वर करता येईना. शेवटी ती निवली. पुढे घरी नेईपर्यंत मी रोज बसलो.

मोडनिंबच्या दुकानदाराला मी नंतर सहज विचारल्यासारखं विचारलं. "हितंच हुता की तुमी, दिवस मावळंपर्यंत," तो म्हणाला. दुसऱ्या कुठल्या बाळाचा बाप म्हणावं, तर तोच डाग, त्याच जागी? कोण होता याची भीती वाटत नाही, खरं सांगतो. लाज वाटते. मला जे जमलं नाही ते तो करून गेला, आणि नाव माझं झालं.

मुलगी आता बालवाडीत जाते. घरी पाहुणे आले की बायको कौतुकाने सांगते, "हिला पहिल्यांदा छातीशी धरलं ते हिच्या पप्पांनीच." परवा मुलीनेच मला विचारलं, "पप्पा, तेव्हा मी रडले का हो?"

"नाही गं," मी म्हणालो, "लगेच झोपलीस."